दिवसा पांघरायचं, रात्री टांगायचं

घोंगडीची खोळ दिवसा डोक्यावर, रात्री अंथरायला. हे गणित धनगरांना जुनंच आहे. रेनकोट-कम-निवारा म्हणजे तेच, फक्त कापड नायलॉनचं. खरी कसोटी एकाच जागी लागते: गळ्याच्या भोकाला. ते वगळलं तर उरते ती नुसती ताडपत्री.

कापड सिलिकॉन-लेप दिलेलं ३० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) रिपस्टॉप नायलॉन घ्या, म्हणजे फाटणं पसरू न देणाऱ्या चौकटीच्या विणीचं. चौरस मीटरला ४५ ते ५० ग्रॅम भरतं, म्हणजे तयार वस्तू पाव किलोच्या आसपास. पॉलिएस्टर मिळालं तर आणखी बरं, कारण नायलॉन ओलं झालं की सैलावतं आणि रात्री पोटात पाणी धरतं. छत्रीचं कापड स्वस्त पडतं, पण घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात त्यातून तुषार आत येतात. घेण्याआधी कापड तोंडाला घट्ट धरून फुंकर मारा. हवा गेली तर पाणीही जाणार.

१५० सेंटीमीटर पन्ह्याचं सव्वातीन मीटर कापड लागतं. त्यातला २७५ सेंटीमीटरचा तुकडा अंगासाठी. उरलेल्या पट्टीतून टोपीचे ३६ रुंद, ३८ उंच असे दोन भाग आणि कोपऱ्यांच्या ठिगळांची सोय होते. चारही कडा दीड सेंटीमीटरने दोनदा दुमडून शिवा. तयार माप साधारण १४४ बाय २६९.

आता गळा. मध्यावर कापायचा मोह टाळा. तयार कापडाच्या पुढच्या कडेपासून ११५ सेंटीमीटरवर त्याचा मध्य घ्या, म्हणजे मागे १५४ उरतात आणि सॅक पूर्ण झाकली जाते. पुढची बाजू याहून लांब ठेवली तर चढावर काठ बुटाखाली येतो. २४ बाय १८ चा लंबगोल आखा (२४ पुढे-मागे). ही शिवणीची रेघ. कापायचं मात्र तिच्या आत एक सेंटीमीटरवर. रेघेवरच कापलं तर शिवणीत भोक मोठं होतं आणि टोपी पुरत नाही. लंबगोलाचा परीघ साधारण ६६ सेंटीमीटर. टोपीच्या दोन भागांचे ७२, त्यातून मागच्या शिवणीचे दोन आणि चेहऱ्याकडच्या नाडीच्या दुमडीचे चार गेले की तेवढेच उरतात. गळ्याच्या आतल्या सेंटीमीटरला दर दोन सेंटीमीटरवर काप द्या, नाहीतर वळणावर चुण्या पडतात. काप रेघेच्या दोन मिलिमीटर अलीकडेच थांबवा. रेघेला लागलेला काप म्हणजे मानेवर कायमचा ठिबका.

सुई ११ नंबरची, नवी. धागा पॉलिएस्टरचा, कारण सुती धागा कुजतो. टाका तीन मिलिमीटर. बारीक टाक्यांनी कापडाला टपाल तिकिटासारखी छिद्रं पडतात. टाचण्या लावूच नका, कपड्यांचे चिमटे लावा. कापड घसरतं, म्हणून मशीनखाली पुढून-मागून दोन्ही हातांनी ताणून धरावं लागतं.

चार कोपरे आणि चारही बाजूंचे मध्य असे आठ फास नायलॉनच्या पट्टीचे लावा, खाली १० सेंटीमीटरचं त्रिकोणी ठिगळ देऊन. ठिगळ नसेल तर वाऱ्यात पहिला कोपराच फाटतो. खांद्याच्या रेघेपासून (गळ्याच्या मध्यातून जाणारी आडवी रेघ) ४५ आणि ७५ सेंटीमीटरवर दोन्ही बाजूंना, पुढची आणि मागची कड जोडायला, टिचबटणं लावा, ती दुमडीवरच. एकेरी कापडावरचं बटण महिनाभरात उपटून येतं.

शिवणी बंद करायला साधा शुद्ध सिलिकॉन सीलंट (मत्स्यटाकीला वापरतात तो) एक भाग आणि टर्पेंटाइन तीन भाग. ब्रशने लावा, चोवीस तास सुकू द्या, वर टाल्कम पावडर फासा, नाहीतर घडी चिकटते. कापडाला पीयू (पॉलियुरेथेन) लेप असेल तर सिलिकॉन टिकत नाही. तुकड्यावर लावून, सुकल्यावर नखाने खरवडून बघा.

टांगताना एक लांब कड ९० सेंटीमीटर उंचीवर दोन झाडांना किंवा काठ्यांना, दुसरी जमिनीलगत खुंट्यांना, आणि पाठ वाऱ्याकडे. आत सव्वा मीटरलाही थोडी कमीच अशी जागा मिळते. एकाच माणसापुरती, सॅक पायाशी. टोपी बाहेरच्या बाजूला ठेवून मानेशी दोरीने घट्ट आवळा, तोंड उताराकडे. झोपताना डोकं लांब टोकाकडे, म्हणजे गळा नडग्यांवर येतो. ठिबकलंच तर तिथे. नायलॉन असेल तर अर्ध्या तासाने दोऱ्या पुन्हा ताणा.

मोठी अडचण शिवणाची नाहीच. निवारा उभारायचा तर अंगावरचा काढावा लागतो, तोही पावसात. म्हणून तो अंगावर असतानाच झाडांमधली दोरी बांधून घ्या, खुंट्या रोवून ठेवा आणि कोरडे कपडे सॅकमध्ये अगदी वर ठेवा.