इम्प्लांट पक्कं होईपर्यंत समोर काय?

वरचा पटाशीचा दात मुळाशी तडकला होता, म्हणून तो काढून इम्प्लांट करायचं, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर नवा दात लावायचा, हे लगेच ठरलं. वेळ गेला तो मधल्या काळातल्या तात्पुरत्या दाताच्या निवडीत. वरच्या जबड्याचं हाड खालच्यापेक्षा विरळ असतं, त्यामुळे स्क्रू हाडात नीट धरायला ४ ते ६ महिने. मी इंदूरच्या शाळेत शिकवते. फट दाखवत वर्गात उभं राहणं मला जमणारं नव्हतं.

स्क्रूवर त्याच दिवशी तात्पुरता दात बसवतात, हे ऐकून होते. पण त्यासाठी स्क्रू हाडात चांगला घट्ट बसावा लागतो, साधारण ३५ न्यूटन-सेंटीमीटर. तरीही तो दात खालच्या दातांना लागू द्यायचा नाही. माझ्या हाडात भर घालावी लागणार होती, तेव्हा तो विषय तिथेच संपला.

शेजारच्या दातांना मागून पंख चिकटवून मधे दात अडकवतात, तो मेरिलंड ब्रिज मला मनापासून आवडला होता. काढा-घालायची कटकटच नाही! पण माझे वरचे दात खालच्यांना जवळजवळ झाकतात. "काकू, पंखांना जागाच नाही, सारखे सुटतील," डॉक्टर म्हणाले.

उरली एका दाताची कवळी. स्वस्त, झटपट, आणि टाळूवर गुलाबी अ‍ॅक्रिलिकचा पत्रा. ती घालून मी 'सरस्वती' म्हटलं तर 'शरश्वती' ऐकू आलं. उच्चार सरावाने सुधारतो म्हणे. मला काळजी निराळीच होती. अशी कवळी टेकते हिरडीवर, आणि खाली ताजे टाके, नवी भर. त्यावर रोज दाब पडला तर केलेलं काम बिघडू शकतं. आतून घासून मोकळी जागा ठेवता येते, तरी माझं मन घेईना.

शेवटी पारदर्शक ट्रे घेतला. त्यातच दात बसवलेला असतो आणि सगळा भार बाकीच्या दातांवर जातो, जखमेला धक्का नाही. त्याचं माप दात काढण्याआधीच दिलं, म्हणून त्या दिवशी फट घेऊन घरी यावं लागलं नाही. मात्र तो घालून खायचं नाही, चहाने डाग पडतात, गरम पाण्याने धुतला तर वाकडा होतो. आणि इंदुरात कुणाकडेही गेलं की पोहे-जिलबी पुढे येतेच! पदराआड ट्रे काढून डबीत ठेवायचा, कागदी रुमालात कधीच नाही. रुमाल सरळ कचऱ्यात जातो. छप्पन दुकानला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जाताना हे दारातच विचारायचे, "डबी घेतलीस का?"

आता स्क्रू हाडात धरलाय आणि त्यावर तात्पुरता दात आहे, हिरडीला आकार यावा म्हणून. पक्की कॅप त्यानंतर. तोवर गराडू, म्हणजे आमच्याकडचा तळलेला कंद, मागच्या दातांनीच.