स्टेपनी, वजनकाटा आणि पाच टायर

समोरून चिऱ्यांनी, म्हणजे जांभा दगडाच्या ठोकळ्यांनी भरलेला ट्रक आला म्हणून मी गाडी डावीकडे दाबली, एवढंच निमित्त. कुडोपीची कातळशिल्पं बघून आम्ही देवगडला परतत होतो. मे महिना संपत आलेला. गाडीत हे, सासरे आणि पुण्याहून आलेला माझा भाचा. कडेच्या सुक्या गवतात कुणाच्या तरी गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे उरलेले चिरे पडले होते, ते मला दिसलेच नाहीत. मागून आवाज आला तो गोणपाट टराटरा फाडावं तसा.

उतरून बघितलं तर मागच्या डाव्या टायरच्या गालावर, म्हणजे बाजूवर, चार बोटं लांबीची चीर. आतले पांढरे दोरे दिसत होते. रस्त्याला टेकणारा भाग मात्र धडधाकट. जांभ्याचं हे असंच असतं. खाणीतून काढताना मऊ, आणि ऊन-वारा लागला की कडक. अशा चिऱ्याची कड टायरच्या गालाला घासली की सुरीचं काम करते.

आमची गाडी २०१३ची फॉर्च्युनर, डिझेल, फोर-बाय-फोर. हिची स्टेपनी मागे पोटाखाली साखळीला टांगलेली असते. लांब दांडा घालून फिरवला की ती खाली येते. यायला हवी. बारा वर्षं देवगडची खारी हवा खाऊन साखळी आणि तिचा गिअर गंजून एकजीव झाले होते. भाच्याने दांडा वाकवला, ह्यांनी कंबर धरली. शेवटी त्याच ट्रकवाल्याने डिझेलमध्ये भिजवलेला बोळा लावून, घणाचे चार ठोके घालून ती सोडवली. पैसे घ्यायला तयार नव्हता. मग घरचे डझनभर आंबे दिले.

स्टेपनी खाली आली आणि भाच्याने टायरवरचा आकडा वाचला : ०८१३. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. म्हणजे २०१३च्या आठव्या आठवड्यात बनलेला टायर, एकदाही रस्ता न बघितलेला. नक्षी कोरी, पण गालावर बारीक भेगांचं जाळं. बाकीच्या तीन टायरांची नक्षी झिजून साडेतीन मिलिमीटरवर आलेली. साध्या गाडीत हे चार दिवस खपून जातं. ही गाडी कायम चारही चाकांना ताकद देते. एक चाक मोठं आणि तीन लहान असली की डिफरन्शियल, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर, सरळ रस्त्यावरही सतत कामाला लागतात आणि तापतात. चाळीसच्या वर न जाता घरी आलो. सासरे वाटेत एकदाच बोलले, “बैलगाडयेक स्टेपनी लागत नाय होती.”

फाटलेला टायर दुसऱ्या दिवशी आमच्या मिस्त्रींकडे नेला. त्यांनी चिरेत बोट घालून बघितलं आणि मान हलवली. “वयनी, हेका प्याच चलाचो नाय. बाजू फाटली हा.” नक्षीच्या भागात खिळा गेला तर पंक्चर काढता येतं. गाल मात्र प्रत्येक फेऱ्याला वाकतो, तिथलं ठिगळ टिकत नाही. कुणी करून दिलं तरी घेऊ नका.

तर पाचही टायर नवे घ्यायचे ठरलं. भाच्याची यादी तयारच होती : एमटी, म्हणजे मड टेरेन, मोठाले ठोकळे असलेले, आणि आकार २६५/६५ आर १७ ऐवजी २६५/७० आर १७. “मावशी, गाडी काय दिसेल!” दिसली असती, हे कबूल. एक संध्याकाळ मीही फोनवर फोटो बघत घालवली.

मग वही काढली. डिझेल भरल्याची नोंद मी ठेवते, सासूबाईंची आंब्याच्या पेट्यांची वही होती तशी. मागच्या वर्षी गाडी १४,००० किलोमीटर चालली. कच्छला जाऊन आलो, चार वेळा पुणे, कोल्हापूरच्या फेऱ्या तर मोजल्याच नाहीत. खरोखरीचा कच्चा रस्ता, म्हणजे सडे (कातळाची पठारं), बागेची वाट, कच्छमधली खडी, सगळं मिळून हजार किलोमीटरही भरेना. उरलेलं सगळं डांबर किंवा काँक्रीट. त्यातही कोकणातले चार महिने ओलं डांबर.

एमटीचा विषय इथेच संपला. त्याचे ठोकळे मोठे आणि मधल्या खाचा रुंद, त्यामुळे चिखल बाहेर फेकला जातो. पण ओल्या डांबरावर टेकणारं रबर कमी पडतं. पाणी कापायला ठोकळ्यांवर केसासारख्या बारीक चिरा लागतात, त्या एमटीवर फार नसतात. जुलैत फोंडा घाट उतरताना, धुक्यात, पुढच्या एसटीने अचानक ब्रेक लावल्यावर मला तो फोटो आठवून काय उपयोग? दुसऱ्या टोकाला एचटी, हायवेचे टायर. शांत आणि पावसात चांगले, पण चिऱ्याने फाडला तो एचटीच होता. उरला मधला एटी, ऑल टेरेन.

मोठ्या आकाराचा हिशोबही करून टाकला. २६५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे गालाची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १७ म्हणजे रिमचा व्यास इंचात. आमच्या टायरचा व्यास साधारण ७७६ मिमी येतो, भाच्याच्या टायरचा ८०३. गाडी उचलली जाणार निम्म्याने, म्हणजे जेमतेम १३ मिमी. त्याबदल्यात स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा खरा वेग १०३च्या वर, वळताना चाक आत घासायची भीती, आणि अपघात झालाच तर विमावाल्यांना बोट ठेवायला जागा. तेरा मिलिमीटरसाठी एवढं नको. भाचा दोन दिवस रुसला.

इथपर्यंत माझं मलाच शहाणपण वाटत होतं. मग मिस्त्रींनी विचारलं, “गाडी कधी काट्यार चढवलास काय?”

नव्हती चढवली. टपावर लोखंडी कॅरिअर, त्यावर तंबू, मागे प्लायवूडचे खण, छोटा फ्रीज, जादा बॅटरी, पाण्याचे दोन वीस लिटरचे कॅन, फावडं, दोर. पाच वर्षांत एकेक करून जमलेला संसार. आंब्याच्या कॅनिंगचा, म्हणजे रस डबाबंद करण्याचा, शेवटचा आठवडा चालू होता. फॅक्टरीच्या काट्यावर आंब्याच्या टेम्पोंची रांग. तिच्यात आमची फॉर्च्युनर, आत आम्ही चौघं, टाकी फुल्ल. काटेवाल्याने गंमत म्हणून विचारलं, “हापूस की रायवळ?” आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. एकूण २,४७० किलो. पुढे १,१५०, मागे १,३२०. आणि हे सामान न भरता, कपड्यांच्या पिशव्याही नव्हत्या. आरसीवरच्या कमाल वजनाला आम्ही बोट लावून उभे होतो.

परत येताना कुणी फारसं बोललं नाही. त्याच संध्याकाळी लोखंडी कॅरिअर उतरवलं, खणांचं प्लायवूड निम्मं कापलं, पाण्याचा एक कॅन कमी केला. फावडं राहिलं. फ्रीजवरून ह्यांचं आणि माझं अजून एकमत व्हायचंय.

आता टायरवरचे पुढचे आकडे. जुन्या टायरवर ११२एस होतं. ११२ म्हणजे एक टायर १,१२० किलो पेलतो, एस म्हणजे १८० किलोमीटरचा वेग. मागच्या चाकांवर प्रत्येकी ६६० किलो येत होते. म्हणजे वजन पेलायला साधा टायरही पुरेसा होता. मग एलटी, म्हणजे हलक्या ट्रकसाठी बनवलेला जाड बांधणीचा टायर कशाला? तर गालासाठी. टायरच्या गालावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, नक्षीखाली किती थर आणि बाजूला किती. दुकानात टॉर्च मारून ते वाचायचं. बहुतेक साध्या टायरांच्या बाजूला पॉलिएस्टरचे एक किंवा दोन थर असतात. काही एलटी टायरांना तीन असतात.

एकाच नावाचा टायर दोन्ही प्रकारांत येतो, हे मला माहीत नव्हतं. योकोहामाचा जिओलँडार जी०१५ घ्या. तो साध्या बांधणीतही मिळतो आणि एलटीतही. नक्षी तीच, जाहिरात तीच. भाव विचारताना नुसतं नाव सांगितलं तर दुकानदार जो पडलाय तो देतो. आकाराच्या आधी ‘एलटी’ आहे का ते बघा. आमच्या आकारात एलटीवर १२०/११७ असा जोड आकडा होता. पहिला चाक एकेरी असताना, दुसरा ट्रकसारखी जोडचाकं असताना.

तोटेही आहेत, ते दुकानात कुणी सांगत नाही. एलटी जड असतो, गाडी थोडी सुस्त होते, खड्डे जास्त जाणवतात, डिझेल थोडं जास्त लागतं. आणि तेवढंच वजन पेलायला तो साध्या टायरपेक्षा जास्त हवा मागतो. नेहमीची ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून निघालात तर महागडा टायर तापवून मारणार.

शोधायला तीन आठवडे गेले. जून २०२०मध्ये सरकारने नव्या टायरांची आयात परवान्याखाली आणली. तेव्हापासून असे आकार मागितले की मिळतीलच असं नाही. कोल्हापुरातल्या एका दुकानदाराने लगेच “आहेत की!” म्हणून सांगितलं आणि फोटो पाठवले. नेमकी तारखेची जागा फोटोत अंगठ्याखाली. पुन्हा मागितला तेव्हा कळलं, दोन टायर अडीच वर्षांपूर्वीचे आणि तीन नवे. “गोडाऊनमध्येच होते, काय होत नाही वहिनी.” सावलीत नीट ठेवलेल्या टायरला दोन-अडीच वर्षांत काही होत नसेलही. पण भाव नव्याचा आणि माल मिसळलेला, ते मला पटलं नाही. शेवटी कणकवलीच्या दुकानदाराने पाचही एकाच महिन्यातले मागवून दिले. पाचांचे मिळून लाखाच्या वर गेले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तुमच्या आकारात कदाचित दुसरीच कंपनी एलटी देत असेल.

बसवताना आणखी एक कोकणी भानगड निघाली. जुने टायर उतरवल्यावर रिमच्या काठावर, जिथं टायर घट्ट बसतो तिथं, पांढरी पूड आणि फोड आलेले दिसले. खाऱ्या हवेने अलॉय खाल्लं होतं. मागचं एक चाक दर पंधरवड्याला हवा का सोडायचं, याचं उत्तर दोन वर्षांनी मिळालं. आम्ही उगाच तीनदा व्हॉल्व्ह बदलला होता. पोराने तारेच्या ब्रशने काठ घासून चकचकीत केले, मग टायर बसवले. हे केल्याशिवाय बसवू देऊ नका. कितीही भारी टायर असला तरी हवा काठातून जाणार. नायट्रोजन भरू का, असंही विचारलं त्याने. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नको म्हटलं.

बॅलन्सिंग, अलाइनमेंट झालं, शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घेतले. हवेवर मात्र महिनाभर खेळले. आता भरल्या गाडीत पुढे ३६, मागे ४० ठेवते, सकाळी गाडी थंड असताना मोजून. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की एक पीएसआय चढतो, म्हणून उन्हात धावून आलेल्या टायरची हवा बघून कमी करायची नाही. सड्याच्या वाटेवर २८पर्यंत उतरवते. वाळूत लोक १८-२० करतात, पण जांभ्यावर तेवढं केलं की गाल फुगून बाहेर येतो आणि चिऱ्याला आयता मिळतो. वाळूचं म्हणाल तर किनाऱ्यावर गाडी नेतच नाही. भरती आली की ट्रॅक्टरवाल्याच्या हातापाया पडणारे दर सुट्टीत बघते. आणि कातळशिल्पांच्या सड्यावर तर चाक घालूच नये. पायवाटेपाशी गाडी ठेवून चालत जावं. कुडोपी धरून कोकणातली ही शिल्पं २०२२पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. मातीच्या थराखाली अजून काय दडलंय कुणाला ठाऊक.

जुलैत भुईबावडा घाट भर पावसात चढले-उतरले, एकदाही घसरल्यासारखं वाटलं नाही. गणपतीत महामार्गावर चाकरमान्यांच्या गर्दीतून आलो. काँक्रीटवर ऐंशीच्या पुढे टायर गुणगुणतात. सासरे म्हणतात भुंगा, हे म्हणतात पिठाची गिरण. ऑक्टोबरात त्याच कुडोपीच्या वाटेवर पुन्हा एक चिरा लागला, ह्या वेळी पुढच्या उजव्या चाकाला. उतरून बघितलं : वीतभर लांब लाल ओरखडा. बोटाने पुसला तर अर्धा गेला, उरलेला रबरात नखभर खोल. दोरे दिसले नाहीत.

दर ८,००० किलोमीटरला पाचही टायर फिरवायचे ठरलंय, स्टेपनी धरून, म्हणजे सगळे सारखे झिजतील. कायद्याने नक्षी १.६ मिमीपर्यंत चालते, खाचांत त्या उंचीच्या खुणाही असतात. मी पावसाळ्याच्या तोंडावर ३ च्या खाली गेलेला टायर ठेवणार नाही. आणि महिन्यातून एकदा स्टेपनी खाली सोडून साखळीला ग्रीस लावते. ते काम भाच्याकडे दिलं होतं, पण तो पुण्याला गेला.