टनाला किती, हे विचारण्याआधी

स्वतःचा मालट्रक स्वतः चालवणाऱ्यांपैकी बरेच जण टनाच्या दरासाठी, माल मिळवून देणाऱ्या दलालाशी तासभर वाद घालतात आणि वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली), हॉल्टिंग (गाडी अडकून पडल्याचे पैसे), अ‍ॅडव्हान्स व बाकी राहिलेल्या भाड्याची मुदत या गोष्टी गाडी भरायला लागल्यावर काढतात. ताडपत्री बांधून झाल्यावर आपल्या हातात काहीच उरलेले नसते. पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून बंगळूरच्या यशवंतपूर मार्केटला जाणाऱ्या दहाचाकी गाडीचा माझा हिशेब येथे मांडतो. गाडी आणि रस्ता बदलला की आकडे बदलतील, रीत मात्र तीच राहील.

जाऊन-येऊन साधारण २,२०० किलोमीटर होतात. चार किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज आणि ९० रुपये लिटर डिझेल धरले, तर ५५० लिटरचे ४९,५०० रुपये लागतात. टोल, युरिया (इंजिनाचा धूर स्वच्छ करणारे द्रावण), टायर आणि ऑइल यांचे मी किलोमीटरमागे ११ रुपये धरतो, म्हणजे २४,२०० रुपये. याखेरीज बँकेचा हप्ता, विमा, कर, परमिट आणि माझा स्वतःचा पगार मिळून गाडी जागेवर उभी असली तरी रोजचे २,८०० रुपये खाते. फेरीच्या सहा दिवसांचे १६,८०० झाले. एकूण खर्च ९०,५०० रुपये. स्वतःचा पगार बरेच मालक-चालक हिशेबात धरतच नाहीत आणि हप्ता भरून उरलेल्या पैशाला नफा म्हणतात. घरच्या माणसाने फुकट गाडी चालवली म्हणून ज्या भाड्यात परवडले, ते भाडे परवडले असे मी मानत नाही.

दहाचाकी गाडीचे भरलेले कायदेशीर वजन २०१८ मध्ये २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले. गाडीचे स्वतःचे वजन वजा करून मी १८ टन माल धरतो. बंगळूरहून परतीचे भाडे कमीच मिळते. टनाला दोन हजार धरले तर ३६,००० रुपये येतात. उरलेले ५४,५०० रुपये जाताना मिळाले पाहिजेत, म्हणजे टनाला तीन हजार तीस. त्याखाली गाडी लावली की पदरचे घालावे लागतात. हा आकडा दलालाला सांगायचा नसतो, पण फोन उचलण्यापूर्वी तो आपल्याला पाठ हवा.

बोलणी साधारण अशी होतात. दलाल म्हणतो, "भाऊ, सत्तावीसशेच्या वर व्यापारी जात नाही, मागं चार गाड्या उभ्या आहेत." त्या चार गाड्या खऱ्या की खोट्या, या वादात मी पडत नाही. "शेठ, माझे तेहतीसशे. पण आधी सांगा, वाराई कोणाची, वजनकाटा कुठला आणि तिकडं गाडी खाली व्हायला दुसरा दिवस लागला तर हॉल्टिंग किती?" एवढे विचारले की बोलण्याचा सूर बदलतो, कारण ज्या प्रश्नांची उत्तरे उद्या भांडून द्यावी लागतील ती त्याला आजच द्यावी लागतात. तो एकतीसशेवर आला आणि वाराई व्यापाऱ्याकडे गेली, तर मी गाडी लावतो. तो साडेएकतीसशे देतो आणि वाराई माझ्या गळ्यात घालतो, तेव्हा नाही म्हणतो. भरताना टनाला शंभर रुपये वाराई गेली की हाती साडेएकतीसशे नव्हे, तीन हजार पन्नासच राहतात. चढवणे-उतरवणे हे माल ज्याचा त्याचे काम आहे. "ज्याचा माल त्याचा हमाल" ही वाहतूकदार संघटनांची मागणी जुनी आहे, तरी कित्येक ठिकाणी वाराई अजून ट्रकवाल्याच्याच भाड्यातून कापली जाते.

हॉल्टिंगचा हिशेब तर याहून कडक आहे. रोजचे २,८०० रुपये अठरा टनांवर वाटले की टनामागे दीडशेहून अधिक होतात. यशवंतपूरला गाडी धरलेल्या सहा दिवसांपेक्षा एक दिवस जास्त फुकट उभी राहिली, तर एकतीसशेचे भाडे माझ्या तीन हजार तीसच्या खाली आलेच. म्हणून पोहोचल्यापासून चोवीस तास मोफत आणि पुढे दिवसाला तीन हजार, असे मी भरण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतो. गाडीचा नंबर, टनाचा दर, अ‍ॅडव्हान्स, वाराई, हॉल्टिंग आणि बाकीची तारीख एवढ्या पाच-सहा ओळींना दलालाने 'ओके' लिहिले की माझे काम भागते. फोनवर सगळे कबूल करणारा आणि लिहून द्यायला कचरणारा दलाल असेल, तर त्याच्या आधीच्या गाडीवाल्याची बाकी अजून निघायची असावी, असा माझा अंदाज असतो.

दर टनावर असल्यामुळे "दोन टन वर टाकू, भाडंही वाढेल" हे आमिष नेहमी समोर येते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. दोन टनांचे सहा हजार मिळवण्यासाठी चोवीस हजारांची जोखीम कोण घेईल? पण घेतली जाते. त्याचा फटका कायद्यात चालणाऱ्यालाही बसतो, कारण व्यापाऱ्याला कमी गाड्यांत माल हलवता येतो आणि अड्ड्यावर उभ्या असलेल्यांचा भाव पडतो.

भाव केव्हा ताणायचा, हेही कळावे लागते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले आणि नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. अशा दिवसांत भाड्याचा हट्ट करण्यात अर्थ नसतो. जवळपासचा दुसरा माल मिळेल तो घ्यावा. लिलाव पुन्हा सुरू झाले की साठलेला माल एकदम बाहेर पडतो आणि गाड्या कमी पडतात. दिवाळी-होळीला उत्तरेकडचे ड्रायव्हर गावी जातात तेव्हाही तसेच होते. त्या वेळी सकाळी पहिल्या फोनला होकार देऊ नये. दुपारी व्यापाऱ्याच्या खळ्यावर गोण्या भरून पडलेल्या असतात, तेव्हा तोच दलाल परत फोन करतो.

भाड्याची बाकी वसूल करणे हा वेगळाच त्रास आहे. मी ऐंशी टक्के अ‍ॅडव्हान्स भरताच घेतो आणि उरलेले पोच, म्हणजे माल पोहोचल्याची पावती, मिळाल्यापासून पंधरा दिवसांत मागतो. पोचेवर शिक्का, सही, तारीख आणि उतरलेले वजन आहे का, हे मार्केटमधून निघण्याआधी पाहतो, कारण कांद्याची घट दाखवून बाकीत हात घालण्याची सवय काहींना असते. सरकारची उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज लागते, अशी २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यात तरतूद आहे. एका गाडीच्या मालकालाही ही नोंदणी फुकटात करता येते. दावा लावायला मन धजत नाही, कारण पुढचा माल त्याच दलालाकडून यायचा असतो. पण बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की निदान फोन उचलले जातात. टीडीएसचेही, म्हणजे भाडे देतानाच कापल्या जाणाऱ्या आयकराचेही, तसेच आहे. दहा किंवा त्याहून कमी मालवाहू गाड्या असलेल्याने पॅनसह लेखी घोषणापत्र दिले, तर भाड्यातून टीडीएस कापायचा नसतो. तरीही कापतात, म्हणून घोषणापत्राच्या सही केलेल्या प्रती मी केबिनमध्येच ठेवतो आणि बिल्टी, म्हणजे मालाची वाहतूक पावती, हातात येताच त्यातली एक कार्यालयात देतो.