नुसती पॅरासिटामॉल??
आईला ताप म्हणून आज लालबागच्या आमच्या डॉक्टरांकडे नेलं, एवढी रांग लावून मिळालं काय तर पॅरासिटामॉल आणि सीबीसीची (रक्ततपासणीची) चिठ्ठी! आई जाम वैतागली, "अंग ठणकतंय हो, ब्रुफेनची वेदनाशामक गोळी तरी द्या." तर डॉक्टर म्हणाले, मावशी, पावसाळा आहे, डेंग्यू निघाला तर प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) खाली जातात, त्यात ब्रुफेनने ब्लीडिंगची भीती, शिवाय तुमची बीपीची गोळी चालू, किडनीवर ताण नको. पटलं राव.

खाली मेडिकलमध्ये एक काका चिठ्ठीशिवाय सेफिक्झिम हे अँटिबायोटिक मागतायत, व्हायरलवर अँटिबायोटिक चालतच नाही तरी! २०१४ पासून सेफिक्झिमसारखी औषधं शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा कडक यादीत आहेत, पेशंट आणि डॉक्टरचं नाव रजिस्टरमध्ये लिहायचं असतं. मेडिकलवाल्याने सरळ स्ट्रिप कापून दिली, वर विचारतो, "अजून काय देऊ?"