५५० वॉटचा डबा आणि १८ अँपिअर

रेंडर, म्हणजे ३डी मॉडेलवरून चित्र तयार करायचं काम, लावला की पीसी रीस्टार्ट होतो, अशी तक्रार घेऊन आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मुलगा कॅबिनेट उचलून माझ्याकडे आला. प्रोजेक्ट जमा करायची तारीख तोंडावर आली होती. जुना एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, जळाला म्हणून त्याने नुकताच नवा घेतला होता. वर ५५० वॉट लिहिलेला, आणि दिसला त्यात सगळ्यात स्वस्त. "दादा, एसएमपीएस तर नवाच आहे. मग ग्राफिक्स कार्डच गेलं ना?" कार्ड बदलण्याएवढे पैसे त्याच्याकडे नाहीत, हे त्याच्या आवाजावरूनच कळत होतं.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत कर्नल-पॉवर ४१ या एररची रांग लागली होती. त्यावरून मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं एवढंच कळतं, कारण कळत नाही. म्हणून एसएमपीएसमधून येणाऱ्या मोलेक्स या चार पिनी कनेक्टरच्या पिवळ्या (१२ व्होल्ट) आणि काळ्या (ग्राउंड) वायरीत मीटरच्या पिना घातल्या आणि त्याला रेंडर सुरू करायला सांगितलं. मशीन निवांत असताना १२.०५ व्होल्ट होते. लोड आला तसा काटा ११.६ वर आला, मग ११.३, आणि स्क्रीन काळी. एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या वेगवेगळ्या लाइनी देतो. त्यातल्या १२ व्होल्टच्या लाइनीला खाली-वर ५ टक्के चालतात, म्हणजे ११.४ च्या खाली जायला नको. कार्ड बिचारं निर्दोष होतं.

मग डबा बाहेर काढून लेबल वाचलं. माझ्या मते खरेदीआधी वाचायची गोष्ट हीच. १२ व्होल्टवर १८ अँपिअर, म्हणजे दोन्हींचा गुणाकार केला तर २१६ वॉट. ५ व्होल्टवर ३० आणि ३.३ वर २८ अँपिअर, म्हणजे १५० आणि साधारण ९२. उरलेल्या दोन लहान लाइनी धरूनसुद्धा बेरीज ४७५ पर्यंत जात नव्हती. म्हणजे ५५० चा आकडा छापणाऱ्याच्याच हिशेबात बसत नव्हता. त्यातही आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरूनच खातात. ५ आणि ३.३ वरचे मोठे आकडे जवळपास वापरलेच जात नाहीत. त्याचा प्रोसेसर ६५ वॉटचा, जो पूर्ण ताणावर त्याहून जास्त ओढतो, आणि कार्ड १२० वॉटचं. बोर्ड, पंखे, डिस्क धरले तर गरज अडीचशेच्या आसपास, आणि ती बहुतेक सगळी १२ व्होल्टवर. २१६ मध्ये ती कशी बसणार?

आणखी एक गोष्ट मला जास्त खटकली. या डब्याला कार्डासाठीचा ६ पिनी कनेक्टर नव्हताच. मुलाने दोन मोलेक्सवरून ६ पिन करणारा अडॅप्टर लावला होता. त्यातल्या एका मोलेक्सचं पांढरं प्लास्टिक पिवळट झालं होतं आणि पिनेजवळ हात लावला तर चटका बसत होता. मशीन रीस्टार्ट होत होतं म्हणून वाचलं. तसंच रात्रभर रेंडर होत राहिलं असतं तर तो सांधा वितळायला वेळ लागला नसता.

हे बघून तो घाबरला आणि लगेच दुसऱ्या टोकाला गेला. "मग उधारी करून ७५० वॉट गोल्डच घेतो." गोल्ड म्हणजे वीज कमी वाया घालवण्याचा, ब्राँझच्या वरचा दर्जा. मी त्याला थांबवलं. अडीचशेच्या गरजेला साडेसातशेचे पैसे कशाला? गोल्डमुळे विजेत थोडी बचत होते, पण दिवसातले काही तास चालणाऱ्या मशीनवर तो फरक भरून यायला फार वर्षं जातात. मॉड्युलर (हव्या तेवढ्याच लावता येणाऱ्या) केबल, दिवे, यांच्यावरही खुशाल काट मारावी. काट मारायची नाही ती १२ व्होल्टच्या अँपिअरवर, शॉर्ट सर्किट आणि ओव्हरलोडच्या संरक्षणावर आणि वॉरंटीवर. वॉरंटी मी मुद्दाम बघतो. पाच वर्षांची हमी देणारी कंपनी आत चांगले कपॅसिटर घालण्याची शक्यता जास्त असते.

शेवटी ४५० वॉटचा, ८० प्लस या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्रातल्या ब्राँझ दर्जाचा साधा एसएमपीएस ठरला. १२ व्होल्टवर ३६ अँपिअर, म्हणजे एकट्या त्या लाइनीवर ४३२ वॉट, आणि कार्डासाठी स्वतःची ६+२ पिनी केबल. किमतीला तो त्या ७५० च्या निम्म्याच्याही खाली होता. बसवून पुन्हा तोच रेंडर लावला. पूर्ण लोडवर १२.०८ व्होल्ट, आणि तिथून मीटर हललं नाही. आम्ही तो रेंडर शेवटपर्यंत चालू दिला.

जळालेला जुना एसएमपीएस उघडून बघायची त्याची फार इच्छा होती. त्याला स्पष्ट नाही म्हटलं. घरातली वीज येते त्या बाजूच्या, वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकतात. स्वस्तातला डबा मात्र परत करायला सांगितला आणि तक्रारीत लेबलावरची बेरीजच लिहून दिली. विकणाऱ्याने पैसे परत केले.

जाताना त्याने विचारलं, "पुढे मोठं कार्ड घेतलं तर हा चालेल का?" एकाच ८ पिनी केबलवर चालणारं, दीडशे वॉटच्या आसपासचं कार्ड असेल तर निर्धास्त लाव, म्हटलं. त्याहून मोठं घ्यायचं झालं तर आधी १२ व्होल्टची बेरीज करून मला दाखव.