तुमच्या वर्गात पोरं झोपतात का हो?

मी खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, इतिहास शिकवायचे हे लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला कळलं, की मठ्ठ्याची वाटी खाली ठेवायच्या आत प्रश्न येतो. "मॅडम, खरं सांगा, तुमच्या वर्गात पोरं झोपतात का हो?" कुणाचा तरी भाचा कर्नल असतो आणि त्यानं सुट्टीत कधीतरी फुशारकीनं सांगितलेलं असतं, की आम्ही तीन वर्षांची झोप वर्गातच काढली. मग आवाज जरा खाली आणून दुसरा प्रश्न. "पण लढायचंच आहे ना त्यांना? मग ती बीए, बीएस्सी कशाला?"

इतक्या वेळा विचारलंत, तर एकदा बैठकीनं सांगते.

झोपतात. कॅडेटची झोप बघण्यासारखी असते. पाठ ताठ, हनुवटी वर, पेन कागदावर आणि पेन चालूच. पहिले तीन शब्द गोळीबंद, मग अक्षरं उताराला लागतात आणि ओळ वहीच्या कोपऱ्यात जाऊन विरते. एका वहीत मला मिळालेलं वाक्य असं होतं: 'अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि दोन पराठे.' मी लाल पेनानं खाली लिहिलं, 'लोण्यासह?'

याला आळस म्हणणाऱ्यानं त्या पोराचा दिवस बघावा. उजाडायच्या आत फॉल-इन, म्हणजे रांगेत हजेरी, मग ड्रिल किंवा पीटी, कधी पोहणं, कधी घोडा. त्यानंतर न्याहारी, की लगेच सायकलींची रांग लावून वर्गाकडे. पहिल्या टर्मचं पोरगं तर पुष्कळदा सायकल खांद्यावर घेऊन पळतानाच दिसतं. काय चुकलं होतं ते त्यालाही नीट सांगता येत नाही. दुपारनंतर खेळ, रात्री अभ्यासाचा तास, आणि सीनियरला कुणाची आठवण झालीच तर थोडा रगडा, म्हणजे शिक्षेची कसरत. तलावातून आलेली ओल्या केसांची पोरं पंख्याखाली बसवायची आणि त्यांना १७६० सालची रसद समजावून सांगायची, हा माझा धंदा.

पहिल्या वर्षी मी चिडले. एका झोपाळूचं नाव वर कळवलं. दोन दिवसांनी तो शिक्षा भोगून परत आला, आधीपेक्षा दमलेला, म्हणजे आधीपेक्षा गाढ झोपायला. तेव्हापासून मी ते बंद केलं. झोप अनावर झाली की न विचारता उठून मागे भिंतीशी उभं राहायचं, एवढा एकच नियम. काही तासांना मागच्या भिंतीशी सात-आठ जण असायचे. उभ्या उभ्या झोपणारेही पाहिलेत मी, पण ती कला चौथ्या टर्मशिवाय येत नाही.

आता पदवीचं. ब्रिटिशांच्या सँडहर्स्टला ४४ आठवड्यांत अधिकारी तयार होतो, कारण तिथे येणारे बहुतेक जण आधीच पदवीधर असतात. आपण एनडीएत साडेसोळा ते साडेएकोणीस वयाची, बारावीची पोरं घेतो. ती कॉलेजात जाणार कधी? म्हणून कॉलेजच आत आणलंय. तीन वर्षं, सहा टर्म, तिन्ही दलांची मुलं एकत्र. नंतर कुणी लष्करासाठी डेहराडूनला, कुणी हवाई दलासाठी डुंडीगलला, कुणी नौदलासाठी एळिमलाला. पदवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची. हे ऐकलं की पंगतीतला माणूस दोन क्षण जिलबी हातात धरूनच बसतो. आणि ही पदवी नावापुरती नाही. विषय राहिले तर पोरगं रिलिगेट होतं, एक टर्म मागे जातं, आणि कोर्समेट पुढे निघून जातात. सहा किलोमीटर हसत पळणारी पोरं त्या यादीला घाबरतात.

तरी 'कशाला' हे उरतंच. मला त्याचं उत्तर एका पोरानं दिलं.

पानिपतावर मी दर वर्षी एकच प्रश्न टाकायचे: भाऊसाहेब अडीच महिने खंदकांमागे का थांबले आणि १४ जानेवारीला का निघाले? उत्तरं पाठ असायची. कुंजपुरा जिंकला, पण दिल्लीची वाट तुटली. गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद आटली. बरोबर यात्रेकरू, बायकामुलं. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा. गुण देऊन टाकावेत आणि पुढच्या धड्याला लागावं अशी उत्तरं.

त्या वर्षी चौथ्या टर्मची मुलं कॅम्प रोव्हर्सहून, म्हणजे डोंगरातल्या सराव-शिबिराहून, नुकतीच परतली होती. पायांना फोड, मागची भिंत भरलेली. हरियाणाचं एक पोरगं भिंतीशीच उभं होतं, पानिपतपासून तासाभरावर त्याचं गाव. ते म्हणालं, "मॅम, दुसऱ्या रात्री नकाशा माझ्याकडे होता. आम्ही डोंगराच्या चुकीच्या सोंडेवर चढतोय हे मला दिसत होतं. कंपास हातात होता. तरी मी म्हटलं, चला पुढे. थांबून परत मोजायचं मला सहनच होईना. आठ जण गपचूप माझ्यामागे आले. मी दोन रात्रींत असा झालो. भाऊ अडीच महिने तिथे होते. ते लढायचं ठरवून निघाले, की नुसतं थांबणं सहन होईना म्हणून निघाले?"

भिंतीशी उभे असलेले सगळे जागे झाले. बाकावरचा एक उठला. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू असं लोकच भाऊंना म्हणाले होते, हे त्यानं कुठेतरी वाचलेलं होतं आणि ते खरंही आहे. त्यावर तिसरा, केरळचा, फारसं न बोलणारा: "लोक म्हणाले म्हणून निघायचं, तर मग सेनापती कशाला लागतो?" तास संपल्याची घंटा झाली, तरी कुणी उठेना. एनडीएत हे घडत नाही, कारण पुढच्या तासाला उशीर झाला तर काय होतं हे सगळ्यांना माहीत असतं.

हरियाणाच्या पोराचा तो प्रश्न पंचवीस वर्षं पुस्तकांतून शिकवूनही मला सुचला नसता. मी कधी उपाशीपोटी आठ माणसं घेऊन चुकीची सोंड चढलेले नाही. आणि तो नुसता कॅम्प करून आला असता, पानिपत त्याला कुणी सांगितलं नसतं, तर 'त्या रात्री आपण वाट चुकलो' एवढंच त्याच्याजवळ राहिलं असतं. मैदानावर ड्रिल शिकवणारा उस्ताद 'दाहिने मुड' म्हणाला की का म्हणून विचारायचं नसतं, आणि विचारूही नये. अर्ध्या तासानं तेच पोरगं माझ्यासमोर बसतं आणि तिथे 'का' विचारलं नाही तर मी गुण कापते. एका अंगात हे दोन्ही बसवायचे. पुढे बाविसाव्या वर्षी तीसेक माणसं आणि एक चौकी हातात आली, की कधी कुठलं वापरायचं हे सांगायला तिथे ना उस्ताद असतो ना मी.

सगळ्यांना जमतं असं मुळीच नाही. काही पोरांनी माझ्या विषयातून पास होण्यापुरतंच घेतलं, आणि त्यातली काही उत्तम ऑफिसर झाली, तेही कबूल करते. काहींची इंग्रजीशीच मारामारी असायची. बुद्धी तल्लख, पण परीक्षेत अर्धा वेळ शब्द शोधण्यात जायचा. आमच्याकडे अरबी, चिनी, फ्रेंच, रशियन शिकवतात. खेड्यातून आलेल्या पोराला इंग्रजी ही त्यातलीच पाचवी.

अजून एक प्रश्न मी पहिल्याच तासाला विचारायचे. मुख्य इमारतीला सुदान ब्लॉक का म्हणतात? फार थोड्यांना सांगता यायचं. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर पडलेल्या हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ सुदाननं एक लाख पौंड दिले होते, फाळणीनंतर त्यातले सत्तर हजार आपल्या वाट्याला आले, त्यातून ही इमारत झाली. मार्च १९४१, एरिट्रियातल्या केरेनचे डोंगर, वर इटालियन, खाली आपल्या पलटणी, त्यात मराठाही. ज्या घुमटाकडे बघत रोज सायकल हाणता तो कुणाच्या जिवावर उभा आहे ते ऐका, आणि मग झोपा, असं म्हणायचे मी. त्या तासाला सहसा कुणी झोपत नसे.

हल्ली पंगतीतला प्रश्न थोडा बदललाय. २०२२ मध्ये एनडीएत पहिल्या मुली आल्या, ३० मे २०२५ ला त्यांतल्या सतरा जणी परेड करून बाहेर पडल्या. मी मधल्या काळात निवृत्त झाले, पण पहिली टर्म त्यांना शिकवलं. तर आता बायका विचारतात, "मुली तरी नीट लक्ष देत असतील ना हो?"

तिसऱ्या आठवड्यात वह्या तपासत होते. एकीचं अक्षर सुरेख, मोत्यासारखं, पहिली दोन पानं नजर लागावी अशी. तिसऱ्या पानावर ओळ उताराला लागली होती आणि 'सदाशिवरा' वर थांबली होती. मी खाली नेहमीसारखी तारीख टाकून सही केली.