‘राजा’ची गोधडी

कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीत माझं काम साधं. दालनात उभं राहायचं आणि कुणी फार जवळ गेलं की ‘हात लावू नका’ म्हणायचं.

‘राजा’ची गोधडी क्वचितच बाहेर काढतात, तीही मंद उजेडात. राजा म्हणजे जहाज. एप्रिल १८४१ मध्ये ते इंग्लंडहून १८० कैदी बायका घेऊन निघालं आणि १९ जुलैला होबार्टला, आजच्या टास्मानियात, पोचलं. तुरुंगातल्या बायकांसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्राय यांच्या मंडळाने बायकांना सुया, दोरा आणि चिंध्या दिल्या होत्या. २,८१५ तुकड्यांची ही गोधडी त्यांनी वाटेत शिवली.

खरं तर माझ्या आजीने हिला गोधडी म्हटलंच नसतं. आत थर नाहीत, अस्तर नाही. मधोमध छिटातून कापून लावलेले पक्षी आणि फुलं, भोवती तुकड्यांच्या चौकटीच चौकटी. टाके मात्र ओळखीचे: इथे हात बसलेला, तिथे सुई धरायचीही सवय नसलेली.

त्या दिवशी सत्तरीच्या एक बाई आल्या. त्यांची खापरपणजी त्या जहाजावर होती. चोरीबद्दल सात वर्षं काळं पाणी. घरात तीन पिढ्या याचा उच्चार नव्हता. बाईंच्या हातात कैदेच्या नोंदींची प्रत होती. उंची, डोळ्यांचा रंग, सगळं लिहिलेलं. पुढे घरकामाला लावली. गरोदर राहिल्यावर मालकाने होबार्टमधल्या कॅस्केड्सच्या ‘फीमेल फॅक्टरी’त परत पाठवली. (नाव कारखान्याचं, पण होता तुरुंगच.) तिथे दूध तोडलं की मूल आईपासून वेगळं करत.

खालच्या काठावर रेशमाने भरलेला मजकूर त्यांनी मला वाचून दाखवला. मंडळातल्या बायकांचे आभार, आणि उद्योगी राहण्याचा त्यांचा उपदेश आम्ही विसरलो नाही याची ग्वाही.

“आणि नावं कुठेयत?”

“नावं नाहीत,” मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा कागद पाहिला. “हिच्यापुढे शिवणकाम लिहिलेलं नाही. नुसतं घरकाम.” मग चष्मा सरसावून त्या वाकडे टाके शोधू लागल्या. कोपऱ्यापासून, चौकटीमागून चौकट. बोट कापडाच्या इतकं जवळ गेलं की मला बोलणं भाग पडलं.

“बाई, हात लावू नका.”

“लावत नाहीये,” त्या वर न बघताच म्हणाल्या, “मोजतेय.”